खुडूक कोंबडी जागेवरून न हलवण्याबाबत पुरवणी जबाब

मी, खाली सही करणारी, वय वर्षे ५८, धंदा कपडे शिवणे व दुरुस्ती, राहणार बेकरीच्या मागच्या बैठ्या घराचा डावा अर्धा भाग, आज स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. घराच्या उजव्या अर्ध्या भागात माझी धाकटी जाऊ राहते. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. वाटणी झाली तेव्हा मागच्या अंगणात मधोमध भिंत घातली. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. वाटणीत काय झाले ते या तक्रारीशी संबंधित नसल्याने सांगत नाही.

माझ्या अंगणात खुराडे असून त्यात चार कोंबड्या होत्या. कोंबडा ठेवलेला नाही, कारण तो पहाटे आरवतो व आजूबाजूचे लोक भांडायला येतात. चारपैकी तांबड्या कोंबडीला मी जमादारीण म्हणते, कारण ती बाकीच्यांना धाकात ठेवते. हे नाव जुने आहे. त्यात पोलीस खात्यातील कोणाचा अपमान करण्याचा हेतू नाही.

सुमारे महिनाभरापूर्वी जमादारीण खुडूक झाली. म्हणजे तिने अंडी देणे बंद केले आणि ती पिसे फुलवून एका जागी बसून राहू लागली. खालची अंडी मी काढून घेतली तरी रिकाम्या जागेवर बसायची. दाण्यालाही उठत नव्हती. खुडूक मोडावी म्हणून मी तिला गार पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवून टोपलीखाली कोंडले. तिने फार आरडाओरडा केला. तेव्हा भिंतीपलीकडून जाऊ म्हणाली, "जीव घेताय का तिचा?" मी म्हणाले, "कोंबडी माझी आहे." याशिवाय आमच्यात काही बोलणे झाले नाही.

दुसऱ्या दिवशी टोपली कलंडलेली होती व जमादारीण जागेवर नव्हती. मांजराने नेली असे मी धरून चालले. खुराडे धुऊन घेतले. तिचे पाण्याचे भांडे मात्र उचलले नाही.

परवा समोरचा सायकल दुरुस्तीवाला पत्रा बसवायला छपरावर चढला होता. खाली उतरून तो मला म्हणाला, "मावशी, तुमची तांबडी तुमच्या जावेच्या काखेत बघितली. आता शोधायची तर पातेल्यात शोधा." ते ऐकून माझे डोके फिरले. मी हातातले काम टाकून तशीच ठाण्यावर आले व जावेविरुद्ध कोंबडी चोरल्याची तक्रार दिली. ती तक्रार माझीच आहे. मला कोणी फूस लावलेली नाही.

काल सकाळी हवालदार चौकशीला आले. त्यांच्याबरोबर मी जावेच्या घरात गेले. भिंत घातल्यानंतर त्या घरात माझा पाय पहिल्यांदाच पडला. मागच्या पडवीत मोडक्या वॉशिंग मशीनचा ड्रम आडवा ठेवलेला असून त्यात जमादारीण बसलेली मिळून आली. तिच्याखाली चिंध्या अंथरलेल्या होत्या. त्या माझ्याच शिवणकामातल्या होत्या. मी त्या पिशवीत भरून गल्लीत टाकते. जावेने तिथून उचलून आणल्या व त्यातले जाड कापड बाजूला काढून फक्त मऊ तेवढे घातले होते.

हवालदार म्हणाले, "मुद्देमाल आहे. ताब्यात घ्यावा लागेल." त्यांनी ड्रममध्ये हात घातला. त्यांच्या बोटाला झालेली जखम कोंबडीच्या चोचीने झालेली आहे. सरकारी कामात कोणी अडथळा आणलेला नाही.

जाऊ मध्ये येऊन उभी राहिली व मला म्हणाली, "वहिनी, मला काय आत टाकायचं ते टाका, पण हिला आज उठवू नका. खाली अंडी आहेत. एक-दोन दिवसांत पिल्लं निघतील. आता गार पडली तर सगळी जातील."

मी म्हणाले, "कोंबडा नसताना पिल्लं कुठून निघणार?"

ती म्हणाली, "तुमची होती ती नुसती खायची अंडी. ही बिचारी त्यांच्यावर जन्मभर बसली असती. ही अंडी मी कोंबडी बाजारातून उबवणीची आणून तिच्याखाली सरकवली."

मी विचारले, "मग सांगायचं नाही का?"

"सांगणार कसं? आपण बोलतो का? आणि परत दिली असती तर तुम्ही परत बादलीत बुडवली असतीत."

मी ड्रमजवळ खाली बसले.

जावेने दुकानातली बारीक बॅटरी आणून एक अंडे उजेडावर धरले. आत काळपट होते आणि कडेला काहीतरी हलले. ते मी पाहिले व हवालदारांनीही पाहिले. त्यांनी ते अंडे पुन्हा दाखवायला सांगितले.

त्यानंतर मी जमादारणीचे पंख तपासले. उडू नये म्हणून मी कोंबड्यांच्या एका पंखाची पिसे कातरते. मागे तिची पिसे झडली होती. नवी आली ती कातरायची माझ्याकडून राहून गेली. म्हणजे ती स्वतः उडून भिंतीपलीकडे गेली. जाऊ तिला दिवसातून एकदा काखेत धरून दाण्यापाण्यासाठी बाहेर आणते, कारण खुडूक कोंबडी आपण होऊन उठत नाही. सायकलवाल्याने तेच पाहिले. तो खोटे बोलला नाही. पातेल्याचे मात्र त्याने मनाने घातले.

तरी चोरी झालेली नाही. माझी तक्रार मी मागे घेते. कोंबडी ताब्यात घेऊ नये व ड्रम जागेवरून हलवू नये, अशी विनंती आहे. जामीन लागत असल्यास मी राहते.

पिल्ले कोणाची, असे ठाण्यातल्या साहेबांनी विचारले. ते आम्ही घरी बघू. कोंबडे निघाले तर आरवतील व तक्रारी येतील, याची कल्पना साहेबांनी दिली. आज माझ्याबरोबर ठाण्यात आलेली जाऊ म्हणाली, "येऊ देत. दोघी मिळून भांडू."

आज सकाळी एका अंड्याला आतून टोच पडली आहे, असे जावेने भिंतीवरून मला हाक मारून सांगितले. दिवसा ती दुकानात असते. तेव्हा अंड्यांकडे लक्ष कोण देणार, असे मी विचारल्यावर तिने आपल्या मागच्या दाराची किल्ली ठाण्यातच, हवालदारांसमोर, माझ्या हातात दिली.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे, कमी-जास्त काही नाही. सही करून लगेच निघते, कारण दुपारची पाळी माझी आहे.