रेघेबाहेर उभं राहणं

मी परतूरकडचा, धनगराच्या घरचा. बापाच्या ऐंशी-नव्वद मेंढ्या व्हत्या, आता एक बी न्हाई, ते जाऊ द्या. ताई, तुम्ही विचारलं फुटबॉल कुठं शिकले, तर खरं सांगू का, जवारीच्या बांधावर शिकलो. हसू नका. मेंढरू लोकाच्या जवारीत घुसलं की भांडण, म्हणून बाप मला बांधावर उभं करायचा आन् म्हणायचा, मेंढरामागं पळू नको, तू एकामागं पळलास की बाकीचे मोकळे, त्याला जायचंय कुठं ते बघ आन् तिथं आधीच जाऊन उभा राहा. एवढंच. पुढं साऱ्या जिंदगीत म्या दुसरं काही केलंच न्हाई.

सोळा-सतरा वर्षांचा असताना जालन्याला हमालीला गेल्तो, मस्तगडात चौघांत एक खोली. शेजारची पोरं सांजच्याला बॉल खेळायला जायची. एक दिवस त्यांना एक माणूस कमी पडला तर मला म्हणले, चल, तू नुसता मागं उभा राहा. आता नुसतं उभं राहणं मला बराबर येत व्हतं. त्या दिवशी मपल्या बाजूनं कोणी गेलं न्हाई. त्यांचा कप्तान म्हणला, का रे, आधी कुठं खेळला? म्या म्हणलं, खेळलो न्हाई, मेंढ्या राखल्या. सगळे हसले, पण दुसऱ्या दिवशी बोलवायला तेच आले. मंग वीस-बावीस वर्षं बॅक खेळलो, परभणीला गेल्तो, नांदेडला गेल्तो, बीडला गेल्तो, आन् काय सांगू तुम्हाला, एक गोल मारला न्हाई. एक बी न्हाई. बायको विचारायची, मंग तुम्ही तिथं जाऊन करता काय? आता तिला काय सांगावं, होऊ न देणं हे बी काम असतं म्हणून.

गुडघा गेला आन् खेळ सुटला. तोवर शाळेत शिपाई म्हणून लागलो व्हतो. हेडमास्तर म्हणले, मामा, पोरींची टीम तुम्हीच बघा. शाळेत शिपायाला सगळे मामाच म्हणतात. बघतो म्हणलं, पण कोच कसा असतो ते मला बिलकुल ठाव नव्हतं. तव्हा मपल्या लेकानं मोबाइलवर पोर्तुगाल देशातला एक माणूस दाखवला. तो बी आधी बॅक खेळायचा, मंग मॅनेजर झाला, तिकडं कोचला मॅनेजर म्हणतात म्हणे. मला लई नवल वाटलं. लेक बॉल बघायचा, मी त्या माणसाला बघायचो. अंगात कोट, मैदानाच्या बाहेर त्याला एक चौकोन आखून दिलेला, त्याच्यात उभा. समोर त्याचे बॅक चुकू राह्यले, भलं मोठं खिंडार पडलं, आन् हा आपला खिशात हात घालून बघू राह्यला. म्या विचारलं, ह्याचे पाय कसे काय थांबतात रे? लेक म्हणला, बापू, त्याचं कामच हाय थांबायचं. मला काही ते पटलं न्हाई.

पोरींची टीम चांगली झाली. त्यात सीमा म्हणून एक, ट्रॅक्टरवाल्याची पोरगी, मपल्या जागी मागं खेळायची. तिला एकच शिकवलं, जागा सोडू नको. बराबर उभी राहायची. पण तीन वर्षं आम्ही जिल्ह्याच्या पुढं गेलो न्हाई. मागच्या साली हेडमास्तर म्हणले, मामा, औंदा विभागाला न्हाई गेले तर फुटबॉल बंद, पोरी कबड्डीत टाकू. तव्हापासून मला जेवण गोड लागंना.

जालन्याला जिल्ह्याची फायनल झाली. मी बसायचं सोडून गोलच्या जवळ पाण्याची बाटली धरून उभा. खेळ शून्य-शून्य. त्यांच्या पोरीनं मारलं, आमची गोलकीपर पडली, आन् बॉल हळूहळू मोकळ्या गोलकडं निघाला, सीमा लांब, कोणीच न्हाई तिथं. मला ती मोकळी जागा दिसली. बस, एवढंच ध्यानात हाय. मंग बघतो तर बॉल मपल्या पायाखाली आन् चप्पल तिकडं उडालेली. खोटं कशाला बोलू ताई, एक घडी मला आनंदच झाला, म्हणलं, अडवला! तेवढ्यात रेफ्रीनं लाल कार्ड काढलं. मला मैदानाबाहेर काढलं आन् त्यांना पेनल्टी दिली. एक-शून्य झालं.

कंपाऊंडच्या भिंतीबाहेर रसवंती व्हती, तिथं जाऊन उभा राह्यलो. डोळ्याला पाणी आलं. डोक्याचे केस पांढरे झालेला माणूस, आन् पोरींचा खेळ म्याच बुडवला. पण आत काय चालू हाय ते कळंना आन् कळल्याशिवाय राहवंना. रसवाल्याला म्हणलं, भाऊ, जल्दी तुझा स्टूल दे. चढून बघितलं तर सीमा जाग्यावर न्हाई! बॉल घेऊन पार पुढं गेल्ती, मागं सारं मोकळं. म्या वरडलो, मागं ये, मागं ये पोरी! तिला कुठलं ऐकू जातंय. तिनं तिथूनच मारलं, गोल. मी वरडायचा थांबलो. थोड्या वेळानं परत तसंच निघाली, या टायमाला बॉल दुसरीला दिला, तिनं मारला. दोन-एक. रसवाला म्हणला, काका उतरा, स्टूल मोडंल.

मॅच सुटली, पोरी पळत आल्या, गळ्यात पडल्या. म्या सीमाला म्हणलं, जागा कामून सोडली तू? म्या काय शिकवलं व्हतं? ती दम खात म्हणली, मामा, तुम्ही तिथं असते तर न्हाई सोडली असती. एवढं बोलली आन् रस प्यायला गेली. मी तिथंच उभा.

विभागाला आम्ही पहिलीच मॅच हरलो, पण फुटबॉल चालू हाय. आता मॅच अटीतटीची झाली की मी बाटल्या पोरींजवळ देतो आन् मपल्या मनानंच भिंतीबाहेर जाऊन उभा राहतो. हेडमास्तर म्हणतात, मामा, आता तर कोणी कार्ड दाखवलं न्हाई. म्या म्हणतो, राहू द्या सर. आत गलका होतो, आपला गोल झाला का आपल्यावर झाला ते काही कळत न्हाई, पाय तर लई ओढतात. पण न्हाई जात. खेळू दे त्यांना.