एकसष्ट मेगापिक्सल आणि एक कोपरा

...नाही नाही, कॅमेऱ्याला मी काही म्हणतच नाहीये! कॅमेरा लाखात एक आहे. एकसष्ट मेगापिक्सल! तुम्हाला सांगते, मुंगीचा फोटो काढला तर मुंगी कुणावर चिडलीय तेही कळेल. पण कळायला पुढे काच नको का धड? लेन्स! लेन्सच नाही घेतली हो!

आमचं हे जुन्या नकाशांचं दप्तर. मी तिथली फोटो काढणारी, बावीस वर्षं झाली. नकाशा टेबलावर पसरायचा, वर स्टँडला कॅमेरा लावायचा, फोटो घ्यायचा. आणि साहेबांनी काय करावं? मंजूर झालेला सगळा पैसा नुसत्या कॅमेऱ्यात घातला आणि मला म्हणाले, नाकातून बोलतात ते, "बाई, लेन्स आहे ना आधीचीऽ?" आहे ना! पंधरा वर्षांची आहे! जुन्या कॅमेऱ्याला तिचे दोष दिसतच नव्हते, बिचाऱ्यांचा संसार सुखाचा चालला होता. या नव्याला सगळं दिसतं! मधोमध बघाल तर अक्षर न् अक्षर वाचून घ्या. कडेला सरकाल तसं शाईवर पाणी सांडल्यासारखं. आणि कोपरे? कोपऱ्यांचं नाव काढू नका!

साहेबांना दाखवलं. तर म्हणतात, "एकसष्ट आहेत ना? मग त्यातले थोडे कोपऱ्यात पाठवा!" पाठवा? बदलीवर?

बरं, एरवी मी गप्प बसले असते. पण नेमके तेव्हाच घड्याळकाका आले. म्हणजे घड्याळं दुरुस्त करायचे ते, आता हात थरथरतो म्हणून दुकान बंद केलंय. दर मंगळवारी बरोबर अकराला माझ्या टेबलापुढे हजर. त्यांचं घर रस्त्याच्या खाली, पुढून चढायला एकेचाळीस पायऱ्या, आणि मागून खालच्या रस्त्याला एक सपाट वाट. काकूंचे गुडघे गेलेले, त्या वॉकर घेऊन मागच्या वाटेने यायच्या-जायच्या. शेजाऱ्याने त्या वाटेला लोखंडी फाटक ठोकलं! वर कुलूप! आणि म्हणतो कसा, "वाट होती असं कागदावर दाखवा, आत्ता उघडतो." पाच महिने, तुम्हाला सांगते, पाच महिने ती बाई घराबाहेर पडली नव्हती. काका म्हणाले, "बाई, ती खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला मोजते हो. खालून तेवढंच दिसतं."

आणि ती वाट कुठल्या नकाशात, तर आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात मोठ्या नकाशात. त्यात कुठे? आमच्या सूचीत लिहिलंय, खाली उजव्या कोपऱ्यात! मधे सगळी जागा मोकळी पडलीय, तिथे कोण्या वाटेला जावंसं वाटलं नाही!

तर मग तेवढाच कोपरा जवळून काढा की, असं म्हणताय ना? मीही तेच म्हणाले! पण आमच्याकडे कागद सांधणाऱ्या बाई आहेत, त्यांना आम्ही डॉक्टरीणबाई म्हणतो. त्यांनी निकाल दिला, "अख्खा नकाशा, एक फोटो. एकदाच उघडीन. दोन मिनिटं. पुन्हा मागितलात तर तुकडे झाडूने भरून न्या." आणि साहेबांचा नियम, शिक्का मिळणार तो अख्ख्या नकाशाच्या प्रतीवर, तुकड्यावर नाही. झालं!

म्हणजे लेन्स हवी कडेपासून कडेपर्यंत शार्प. नवीची चौकशी केली. साहेबांनी किंमत वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "यात कॅमेरा येतो का?" मग मी म्हटलं, साहेब, हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्स स्वस्त मिळतात. म्हणाले, "वा! बघा तुमच्या पातळीवर." माझ्या पातळीवर म्हणजे कळलं ना? माझ्या पर्समधून!

गेले जुन्या सामानाच्या दुकानात. तो दुकानदार म्हणजे, अहो, लेन्स विकत नव्हता, स्थळ सुचवत होता! "खानदानी आहे ताई, एकाच घरात राहिलेली, बाहेर फारशी काढलीच नाही कधी." मी म्हटलं, आत काहीतरी पांढरं दिसतंय. "ते होय? तो तिचा स्वभाव आहे." स्वभाव! बुरशी होती हो! काचेवर जाळं धरलं होतं कोळ्यासारखं! मी दुसरी मागितली. दुसरीची फोकसची कडी फिरेना. "सुरुवातीला लाजते." तिसरी फिरली, झकास फिरली, इतकी फिरली की थांबेचना. शेवटी चौथी घेतली, घरी आणली, बैठकीच्या भिंतीवर अख्खं वर्तमानपत्र चिकटवलं, छोट्या जाहिरातींचं पान, आणि फोटो काढले. आमचे हे आले बाहेर, म्हणाले, "मी पेपर वाचायचा कसा? स्टुलावर चढून?" म्हटलं, चढा, पण स्टँडला धक्का लागला तर बघा. फोटो संगणकावर मोठा केला. मधल्या जाहिरातीत वापरलेला पलंग विकायचा होता, पलंगाचे खिळे दिसतील असं वाटलं! कडेला कुणीतरी हरवलं होतं, कोण ते कळेना. आणि कोपरे? कोपऱ्यांचं नाव काढू नका!

मग इंटरनेटवरच्या मंडळींना विचारलं. तिथे एक महाराज आहेत, खरं नाव कुणाला माहीत नाही, सगळे महाराजच म्हणतात. त्यांनी लिहिलं, "अमुक लेन्स घ्या, डोळे झाकून." घेतली हो डोळे झाकून! ती माझ्या कॅमेऱ्याला बसायला मधे अडॅप्टरची चकती लागते म्हणे. चकती आली तर ती लटलट हलते, लेन्स एका अंगाला कलते. म्हणजे एक कोपरा शार्प आणि बाकी तिघांचं देवच जाणे. महाराजांना कळवलं. महाराज म्हणतात, "प्रत्येक प्रत वेगळी असते. आणखी चार घेऊन त्यातली एक ठेवा." चार घेऊन! यांचं काय जातं!

आणि त्यात हाताने फोकस करायचं म्हणजे डोळा हवा, आणि माझी चाळीशी कपाळावर, मी ती टेबलाखाली शोधतेय, आणि दारात काका. अकरा वाजले होते. "बाई, आला का माझा कोपरा?" नाही हो काका... "असू दे, पुढच्या मंगळवारी बघू," असं म्हणून गेले, आणि बाहेर व्हरांड्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाला, जे चार वर्षं बंद होतं, त्याला किल्ली देऊन चालू करून गेले! रागावले असते तर बरं वाटलं असतं मला.

त्या रविवारी नणंदेकडे गेले होते. ती बोटातलं कुसळ काढत बसली होती, डोळ्याला पितळेत बसवलेली एक छोटीशी काच लावून. म्हटलं, वन्सं, हे काय? "सासऱ्यांच्या स्टुडिओतलं. अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवरून मोठे फोटो करायचं यंत्र होतं ना, त्याचं भिंग. काटे काढायला छान आहे गं." मी खाली बसले! अहो, त्या यंत्राची लेन्स! सपाट कागदावर सपाट चित्र टाकण्यासाठीच जन्मलेली, चारी कोपरे सारखे! आणि ही तिने कुसळं काढतेय! म्हटलं, देतेस? "ने की. पण काटा रुतला तर आणून द्यायची." एवढीच अट!

तिला फिरवायची कडीच नसते, म्हणून माळ्यावरच्या पेटीतून जुन्या कॅमेऱ्याचा भाता काढला, घड्याघड्यांची लांबणारी नळी असते ना, ती; कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवला, तो पुढेमागे करून फोकस करायचा. भिंतीवरच्या पेपरचा फोटो काढला. कोपऱ्यातल्या जाहिरातीतला दूरध्वनी क्रमांक वाचता आला! मी इतक्या जोराने ओरडले की आमचे हे स्टुलावरून उतरले.

मंगळवार. डॉक्टरीणबाईंनी नकाशा उघडला, श्वास रोखून. काका मागे उभे. मी भाता सरकवला, चाळीशी नाकावर, बटण दाबलं. दोन मिनिटांत कागद बंद. संगणकावर खाली उजवीकडे गेले. वाट! केसासारखी बारीक रेघ, पण वाट! काकांच्या परसापासून थेट रस्त्यापर्यंत. काका पुटपुटले, "आहे. आहे हो." आणि खाली बारीक अक्षरात, मोजणी करणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं, स्वच्छ वाचता येत होतं, "चिखलामुळे या कोपऱ्यात जाता आले नाही. सर्व अंदाजे."

अंदाजे! मी तर टेबलावर डोकंच ठेवलं. काका मात्र प्रत घेऊन निघाले. शेजारी म्हणाला, "हे बघा, अंदाजे लिहिलंय!" काका म्हणाले, "हो, तुमचं घरही त्याच कोपऱ्यात आहे. तेही अंदाजेच." दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं! परवा काकू आल्या होत्या दप्तरात, वॉकर ठकठकवत, माझा हात धरून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या चपला छान आहेत." मला... जाऊ दे.

त्या गेल्या आणि साहेबांनी बोलावलं. वाटलं, शाबासकी! साहेब फोटोकडे बघत होते. "बाई, हे 'अंदाजे' फार ठळक आलंय. दप्तराची अब्रू जाते. यापुढे कोपरे जरा... धूसर नाही का येणार? तशी एखादी लेन्स बघा ना, तुमच्या पातळीवर."

कोपऱ्यांचं नाव काढू नका, म्हटलं मनात! पण नोकरी आहे. केला फोन दुकानदाराला. म्हटलं, भाऊ, मधे बरी आणि कडेला धूसर अशी आहे का?

तर म्हणतो, "आहे की ताई! पण हल्ली धूसरचीच फॅशन आहे. ती शार्पपेक्षा महाग पडेल!"