पाणी समितीच्या बाया

बैठकीच्या खोलीच्या दाराशी एकही चप्पल नव्हती, तिथंच मी घाबरले. तुम्हाला माहीतच आहे, मला तेवढं पुरतं.

वॉर्ड ऑफिसातली माझी पहिलीच नोकरी. पाण्याबद्दल सल्ला द्यायला शहागंजातल्या बायांची समिती निवडायची होती आणि त्या निवडीची बैठक मीच ठरवली होती. गल्लीगल्लीत फिरून मी त्यांना तयार केलं होतं. "आमाला कोण इच्यारतं?" म्हणणाऱ्या सुमनमावशी तर शेवटी शेजारणींनाही घेऊन येते म्हणाल्या होत्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, बाया येत नसतात. बारापर्यंत थांबू, नाहीतर नगरसेवकांनी दिलेली नावं आहेतच."

समिती बायांची आणि ती नावं सगळी पुरुषांची! मी फोनवर फोन लावले, कुणी उचलेचना. शिपाई मागून "चहा?" म्हणाला, तर फोनच हातातून पडला. कुणी दमदाटी केली असेल का? की माझंच काही चुकलं? मी गावाकडून, फुलंब्रीहून येऊन-जाऊन करणारी, मला शहरातलं काय कळणार!

बारा वाजले, साहेबांनी नगरसेवकांच्या यादीवर सही करायला पेनाचं टोपण काढलं आणि तेवढ्यात सुमनमावशींनी फोन उचलला. मागं बादल्यांचा नुसता खणखणाट.

"अगं पोरी, किती फोन लावती! आठ दिसांनी नळ आलाय आज. पाण्याची मीटिंग अन् नळाच्याच दिवशी ठेवली व्हय? सायबाला म्हणावं, हलू नका. पिपं भरली की समद्या येतोच!"