शेळीसकट कोण घेणार?

माझं माहेर वर डोंगरात, आन सासर हे डिंभ्याचं, धरणाच्या कडंला. मालक जाळं टाकायचे आन मी मासळीची पाटी डोक्यावर घिऊन घोडेगावच्या बाजाराला जायची, येष्टीचा काय भरवसा व्हता का, आली तर आली, म्हणून पायीच. मालक दवाखान्यातच गेले, मग पोरानं पाटी सोडाया लावली, म्हणला आये, आता बस निवांत. तर बसले बाई. आन काय सांगू तुमाला, पाय सुजायला लागले, ओटा चढताना दम लागायचा, आडवं झालं की जीव घाबरायचा. डॉक्टरीणबाई म्हणली हार्टचं पंपिंग कमी झालंय, अंगात पाणी साठलंय. तिनं पाणी काढलं, गोळ्या दिल्या, आन म्हणली आजी, मीठ कमी करा, गोळी चुकवू नका, आन रोज चाला, पण बोलता येईल एवढंच, बोलताना दम तुटला की थांबायचं.

आता चालणं मला काय नवं व्हतं? पण आमचं गाव लई मायेचं, भाऊ, तीच पंचाईत. रस्त्याला लागले की मागून मोटारसायकल थांबलीच, बसा आजी. नको म्हणलं तर म्हणणार, आमची गाडी चालत न्हाई व्हय तुमाला, न्हाईतर सुनंशी भांडून निघाला काय. मग बसायची. घरनं निघायची, गाडीवर बसून पुलावर उतरायची, येताना दुसरी गाडी. सुनंला वाटायचं सासू चालून आली, आन मलाबी वाटायचं झालं की फिरून! पाय परत सुजले. परत तोच दवाखाना, नाकाला नळी, आन पोरगं दाराशी उभं राहून रडतंय, बाप तिथंच गेलेला त्याचा. तवा मी भेले, खरंच भेले. म्हणलं आता राहायला हितं यायचं न्हाई.

घरी आले, जरा बरं वाटलं, आन दारातल्या शेळीचं दावं हातात धरून चालाया निघाले. गाडीवाला थांबतो, शेळीकडं बघतो, आन बरं आजी म्हणून निघून जातो, शेळीसकट कोण घेणार राव! आन बोलायचं तर बोलते शेळीशीच, सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या सांगते तिला, दम तुटला की मी थांबते, ती पाला खाते. आधी नुसतं वडापर्यंत जायची, आता पूल वलांडून जाते. गोळ्या वेळेवर घेते, सुकट सोडली, तेवढं मात्र लई जिवावर आलं. पण दिवाळी घरी झाली, होळी घरी झाली, दवाखान्यात जाते ती नुसती दाखवायला, आन त्याच दिवशी माघारी येते.

चला, तुमी घोडेगावला निघाला आन मीबी निघाले फिरायला. शेळी कालच व्याली, दोन पिल्लं झालीत, म्हणून आज एकटीच हाय. अहो नको नको, माझ्यापायी गाडी नका थांबवू! जावा तुमी, सुखी राहा, आन म्होरं कोण गाडीवाला भेटला तर त्याला सांगा, मागनं म्हातारी येतीय, तिला चालू दे.