पदरावरचा गेरू

पुणं बघायला जायचं म्हंजी मला अजून धास्ती वाटती, बायांनो. इंग्रजाच्या राज्यातली गोष्ट हाय, माझं लगीन नुकतंच झालेलं. आमी कळसची धनगरं. बाजारात आपली मेंढरं दुसऱ्याच्यात मिसळली तरी वळखू यावीत म्हणून पाठीवर लाल गेरू लावतो. तसाच ठिपका मामंजींनी पुण्याला निघताना आत्याबाईंच्या अन् माझ्या, आमा सासू-सुनंच्या पदराला पाठीमागं लावला. म्हणले, "गर्दीत हुडकाय बरं."

पर्वती बघितली, शनवारवाडा बघितला. वाड्याम्होरं कुण्या पैलवानाची मिरवणूक आली अन् गुलाल उधळला. गुलाल खाली बसला तवा आत्याबाई न्हाईत! अन् बघावं त्याची पाठ लाल. मामंजी दिसंल त्या बाईच्या पाठीमागं धावत हुते अन् शिव्या खाऊन परत येत हुते.

शेवटी वाड्याच्या दिल्ली दरवाज्याम्होरं उभं ऱ्हाऊन त्यांनी रानात मेंढरं गोळा करायची आरोळी ठोकली, "हुर्रर्र... ह्योऽऽ!" सगळी माणसं थांबून बघाय लागली.

गर्दी सारत आत्याबाई तणतणत आल्या. "अवं, मी काय मेंढरू हाय व्हय?"

मामंजींनी त्यांचा हात घट्ट धरला.

"मंग आलीस कशी?"