निबवरचं साल

जपानी माणसं फसवत नाहीत म्हणतात ना? कोबेत नोकरीला असताना मी एकावर भलताच संशय घेतला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आईच्या वडिलांनी बाबांना लग्नात दिलेलं जपानी शाईपेन माझ्याकडे होतं. ते नेमकं कोणतं मॉडेल, किती जुनं, हे विचारायला मी मोरी-सान नावाच्या म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

"शाई धुऊन आणतो," म्हणत तो पेन घेऊन पडद्याआड गेला. सोन्याची निब! माझा जीव टांगणीला लागला.

बाहेर आल्यावर त्यानं निबच्या मागचे बारीक आकडे भिंगातून दाखवले. "हे बनवल्याचं साल."

ते साल आईबाबांच्या लग्नानंतर अकरा वर्षांनी आलेलं होतं!

"तुम्ही निब बदललीत," मी म्हणालो.

तो शांतपणे म्हणाला, "हे मॉडेलच त्या साली निघालं. घरी विचारून बघा."

मी तणतणत पुण्याला फोन लावला. सगळं ऐकून बाबा म्हणाले, "थांब, दार लावून येतो."

परत येऊन ते कुजबुजले, "सासऱ्यांचं पेन मी केव्हाच हरवलंय. हे नंतर गुपचूप आणलेलं. त्या बिचाऱ्याची माफी माग, आणि आईला यातलं अक्षरही बोलू नकोस!"