येसबानं गड कसा पाडला

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. राखणदारानं राखायचं ते नेमकं काय? — कोण म्हणालं ‘दार’? शाबास! कातळगडाचा येसबा तावडेही अगदी हेच म्हणायचा. आता त्याचं काय झालं ते बघा.

खाली समुद्र, किनाऱ्याला कोळीवाडा आणि वर डोंगराच्या माथ्यावर कातळगड. येसबा त्या गडाचा किल्लेदार. बापाच्या मागं ही किल्लेदारी त्याच्याकडे आली होती. वरून हुकूम एकच — दिवस मावळला की दरवाजा बंद, मग कुणीही येवो. येसबानं तो हुकूम असा पाळला म्हणता! एकदा खुद्द सासरे लेकीला भेटायला आले. डोक्यावर फणस घेऊन डोंगर चढले बिचारे, पण पोचेपर्यंत दिवस बुडाला. जावयानं तटावरूनच रामराम केला आणि सकाळी यायला सांगितलं! सासऱ्यांनी दाराबाहेर बसून फणस एकट्यानं खाल्ला. राहीबाई, म्हणजे येसबाची बायको, त्यानंतर बरेच दिवस नवऱ्याशी फक्त मांजराच्या मार्फत बोलत होती. हसू नका! तुमच्यापैकी किती घरांत मांजर पाळलंय, मला ठाऊक आहे.

तर येसबा रोज तटावरून फिरायचा, दगडांवर हात फिरवायचा, समुद्राकडे डोळे लावून शत्रूची वाट बघायचा. आणि शत्रू? येईचना! त्या आडबाजूच्या गडाचा कुणाला मोहच नव्हता. येसबाला मनातून त्याचं वाईटही वाटायचं.

आणि एका कार्तिकात आला — पण शत्रू नव्हे, वादळ! दुपारी आभाळ काळं झालं, वारा पिसाळला, समुद्र उठून कोळीवाड्यात शिरला. माणसं निघाली ती डोंगराच्या वाटेनं. कडेवर पोरं, पाठीवर म्हातारी. गडाच्या दाराशी पोचली तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. झालं! दरवाजा बंद.

कोळ्यांचा पुढारी धाकू नाखवा दारावर थापा मारत होता. येसबा आतल्या बाजूला उभा होता. दार उघडलं तर किल्लेदारी जाणार, बापाचं नाव जाणार. शिवाय वेषांतर करून शत्रू आला असला तर? एवढी वर्षं वाट पाहिलेला शत्रू, मंडळी, असा ऐन वेळी मनात येऊन बसतो.

बाहेरून धाकू म्हणाला, “किल्लेदार, आम्हाला घेऊ नका. पोरं तेवढी आत घ्या.”

येसबाचे पाय जागचे हलेनात.

तेवढ्यात राहीबाई आली. तिनं भांडण काढलं नाही, फणसाचा विषयसुद्धा काढला नाही! सरळ दाराच्या अडसराला हात घातला. सागवानी ओंडका तो, एकटीच्यानं कसला उचलतोय? तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

“मला एकटीला झेपत नाही,” ती म्हणाली. “दुसरं टोक धरा.”

आणि येसबानं धरलं.

सगळा कोळीवाडा आत आला. एक पोर दगावलं नाही. सकाळी तटावरून बघतात तर खाली घर म्हणून उरलं नव्हतं. जोतीसुद्धा वाहून गेलेली. चार दिवस गडावर निघतील, पण पुढं काय? बांधायचं म्हटलं तर दगड कुठून आणायचा? येसबा आपल्या लाडक्या तटाकडे बघत बसला. मग उठला, पहार मागवली आणि पहिला चिरा स्वतः उपसला. डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबला नाही.

बातमी वर गेली. वरून कारभारी आला, भडकला, किल्लेदारी काढून घेतली. येसबानं पगडी त्याच्या हाती दिली आणि बायकोसह खाली कोळीवाड्यात राहायला गेला. नवा किल्लेदार नेमला, पण त्यानं वर येऊन पाहिलं तर तट कंबरेएवढा! तो आल्या पावली परत गेला. पुढं त्या गडाकडे कुणी फिरकलंच नाही.

आज लोक तिथं जातात, फोटो काढतात आणि म्हणतात, शत्रूनं तोफा डागून पाडला. अहो, कसला शत्रू! गड पडला नाही, खाली राहायला गेला. कोळीवाड्यात कुणाच्याही घरात जा, पायाखाली तोच आहे.

आता आपलं बघू. भावाची हाक आली की आपण आतून विचारतो, ‘काय काम आहे?’ काम कळल्यावर कडी काढायची की नाही ते ठरवतो. देव आला तरी बिचाऱ्याला आधी काम सांगावं लागेल! देवाला भक्त किती उंच तट बांधतो त्याचं कौतुक नाही हो. तो बाहेर पोरं कडेवर घेऊन उभा असतो.

आणि ते राहू द्या. मघापासून बघतोय — मांडवाच्या बाहेर किती माणसं उभी आहेत, आणि पुढच्या रांगेत तुम्ही मांड्या पसरून भक्ती करताय! सरका जरा. त्यांना आत येऊ द्या. तोवर मी नाम घेत नाही.